जुना वाडा राहता करताना: आढ्यापासून जोत्यापर्यंतचे काम कोणत्या क्रमाने करावे

जुने घर दुरुस्तीला काढायचे असेल, तर पहिला पावसाळा काहीही न करता केवळ पाहण्यात घालवावा. हा सल्ला ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण वाटण्या होऊन वाड्याची किल्ली नुकतीच हातात आलेली असते आणि दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावण्याची घाई झालेली असते. परंतु आढ्याजवळचे (छपराच्या माथ्याजवळचे) कोणते कौल गळते, कोणत्या भिंतीला श्रावणात ओल चढते, चौकातले पाणी किती वेळात ओसरते आणि परसाकडून येणारा लोंढा कुठे साचतो, हे भर उन्हाळ्यात अनुभवी मिस्त्रीलाही सांगता येत नाही. एक पावसाळा पाहून काम काढले, तर बहुतेक पैसा योग्य जागी खर्च होतो, असा माझा अनुभव आहे.

हा लेख देशावरच्या जुन्या वाड्यांविषयी आणि वाडेवजा घरांविषयी आहे. दगडी जोते (घर ज्यावर उभे असते तो चौथरा), सागवानी खांब आणि तुळया, पक्क्या किंवा कच्च्या विटांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर कौलांचे किंवा धाब्याचे (सपाट, मातीचे) छप्पर अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरांना यातील बऱ्याच गोष्टी लागू पडतात, मात्र चिरा पाणी अधिक शोषतो आणि तिथला पाऊसही कित्येक पट जास्त असतो, हे ध्यानात ठेवून त्यांचा विचार वेगळा करावा.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. अशा घरांचे नुकसान वयामुळे होते त्यापेक्षा अधिक, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत केलेल्या दुरुस्त्यांमुळे होते. वाईजवळच्या आमच्या घराच्या माजघराची भिंत माझ्या लहानपणी कोरडी होती. पुढे ती कधीतरी सिमेंटने गिलावली गेली. पाच-सहा वर्षांनी त्या गिलाव्याच्या वरच्या कडेला ओलीची रेघ दिसू लागली आणि आम्ही गिलावा आणखी दोन फूट वर नेला, तेव्हा ओलही दोन फूट वर चढली. जमिनीतून भिंतीत चढणारे पाणी चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जाते, परंतु सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी वाट शोधत वर सरकते. शेवटी आम्ही तो गिलावा उतरवला, तेव्हा आतल्या विटांचा हाताने भुगा होत होता आणि त्यांच्यावर क्षारांचा पांढरा थर बसलेला होता. पुढे दिलेला कामांचा क्रम त्या भिंतीपासून घेतलेल्या धड्यावर आधारलेला आहे.

पाहणी: वही, ओळंबा आणि टोचा

प्रथम घराचा नकाशा स्वतः काढावा. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजावेत, कारण कर्ण जुळत नसतील तर खोली कोणत्या बाजूला तिरकी आहे हे लगेच कळते. जुन्या घरात माप खणांत मोजत असत आणि दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, म्हणून नकाशावर प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा. पुढे सुताराशी बोलताना ‘सोप्यातला तिसरा खांब’ असे नेमके सांगता येते आणि गैरसमज टळतात. त्यानंतर प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक तुळईच्या टोकाचे आणि प्रत्येक भेगेचे छायाचित्र काढून त्यावर तारीख घालावी.

भेगांकडे पाहून घाबरू नये, मात्र त्या जिवंत आहेत की जुन्याच थांबलेल्या आहेत, हे ठरवणे अत्यावश्यक आहे. त्यासाठी भेगेवर आडवी, काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवून तिच्याशेजारी तारीख लिहावी. वर्षभरात पट्टी तडकली, तर भिंत अजून हलते आहे असे समजावे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग सहसा पाया खचल्याचे सांगते, तर भिंतीला मध्यावर पोट आले असेल, तर तिचे बाहेरचे आणि आतले पदर एकमेकांपासून सुटले असण्याची शक्यता असते. पोट किती आले आहे, हे वरून ओळंबा सोडून दर दोन फुटांवर मोजावे.

लाकूड तपासताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. वरून तेलरंगाने चकचकीत दिसणारा खांब आतून वाळवीने पोखरलेला असू शकतो. हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकावा आणि टणक टोच्याने लाकूड टोचून पाहावे. टोचा पाव इंचाच्या आत अडला, तर लाकूड निरोगी आहे असे समजण्यास हरकत नाही. दोन जागा मात्र कधीही सोडू नयेत. पहिली जागा म्हणजे तुळईचे भिंतीत गेलेले टोक, कारण तिथे हवा लागत नाही आणि भिंतीची ओल थेट लाकडात उतरते. दुसरी जागा म्हणजे खांबाचा पाय. जुन्या कारागिरांनी खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभा केला तो जमिनीतली ओल लाकडाला लागू नये म्हणून, परंतु नंतर घरात नवी फरशी घालताना तिची पातळी तीन-चार इंच वर येते, तळखडा फरशीखाली गाडला जातो आणि रोज पुसलेल्या फरशीचे पाणी खांबाच्या बुडाशी मुरत राहते. आमच्या सोप्यातल्या चार खांबांपैकी दोन असेच बुडाशी कुजलेले निघाले. वरचे सात फूट लाकूड मात्र आजही खिळा ठोकू देत नाही इतके कठीण आहे.

कागद आणि परवानग्या

मालमत्ता पत्रकावर किंवा सात-बारावर कोणाकोणाची नावे आहेत, वारसनोंदी झाल्या आहेत का आणि घरात जुने भाडेकरू आहेत का, हे आधी पाहावे. सहमालकांची संमती तोंडी न घेता लेखी घ्यावी. भाडेकरू असतील, तर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू होतो आणि दुरुस्तीच्या नावाखाली त्यांना घराबाहेर काढता येत नाही, म्हणून त्यांच्याशी सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलून काम टप्प्याटप्प्याने करण्याची आखणी करावी.

साध्या डागडुजीला सहसा परवानगी लागत नाही, परंतु खांब, तुळया, जिना किंवा बाहेरच्या भिंती बदलायच्या असतील, तर नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे जावेच लागते. घर वारसा यादीत असेल, तर त्याच्या श्रेणीनुसार कडक नियम लागू होतात. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे, तिथून पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधता येते आणि या दोन्ही पट्ट्यांत दुरुस्तीसाठीही संबंधित प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपास घर असलेल्यांना या नियमाची चांगलीच ओळख आहे.

माणसे निवडताना

ढाच्याच्या तपासणीसाठी अभियंता हवाच, पण तो दगडमातीच्या आणि लाकडाच्या बांधकामाचा अनुभव असलेला असावा. केवळ काँक्रीटच्या इमारती पाहिलेला अभियंता आपल्या प्रामाणिक समजुतीनेच सगळे पाडून नवे बांधण्याचा सल्ला देण्याची शक्यता अधिक असते. गवंड्याला काम देण्याआधी त्याच्याकडून परसातल्या एखाद्या भिंतीवर हातभर चुन्याचा गिलावा करून घ्यावा आणि तो महिनाभर पाहावा. सुतार शोधताना आसपासच्या देवळांच्या जीर्णोद्धाराचे काम कोणी केले याची चौकशी करावी, कारण जुन्या जोडकामाची कला आज मुख्यतः त्यांच्याच हातात उरली आहे.

स्वतःची नजर तयार करण्यासाठी चांगली जुनी बांधकामे सावकाश पाहावीत. पुण्यातला नानावाडा १७८० चा आणि विश्रामबागवाडा १८०७ चा आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा उभा आहे. खांब तळखड्यावर कसा बसवला आहे, कडीपाटाच्या (कड्यांवर फळ्या घातलेल्या लाकडी छताच्या) कड्या तुळईवर किती अंतराने ठेवल्या आहेत आणि पन्हळीचे पाणी चौकात कुठे पडते, या गोष्टी तिथे तासभर बसून पाहिल्यास पुस्तकापेक्षा अधिक नीट समजतात.

पहिले काम छपराचे

आत कितीही पडझड दिसत असली, तरी कामाला छपरापासून सुरुवात करावी, कारण वरून पाणी येत असताना खाली केलेले कोणतेही काम टिकत नाही. दिवाळी झाली की काम सुरू करून मृगाच्या आत छप्पर बंद करणे, हे वेळापत्रक कधीही मोडू नये.

मंगळुरी कौले आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये त्यांचा कारखाना काढला आणि तिथून ती पश्चिम किनाऱ्यावर आणि पुढे देशावर पसरली. त्याआधीची घरे नळीच्या कौलांची किंवा धाब्याची होती. कौले उतरवताना प्रत्येक कौल हातात घेऊन नखाने वाजवावे. चांगले कौल खणखणीत वाजते आणि तडा गेलेल्याचा आवाज बद्द येतो. निम्म्याहून अधिक कौले पुन्हा वापरता येतात आणि कमी पडतील ती पाडलेल्या घरांच्या जुन्या मालातून मिळतात. कौलांखालच्या रिपा मात्र शक्यतो सगळ्या बदलाव्यात, वासे तपासून हवे तेवढेच बदलावेत आणि मध्ये पाणी अडवणारा, पण वाफ जाऊ देणारा पडदा घालावा. साधे प्लास्टिक अंथरले, तर त्याच्या खालच्या अंगाला दव जमते आणि वासे खालून भिजतात.

धाब्याच्या छपराचा विचार अधिक गंभीरपणे करावा लागतो. पांढऱ्या मातीचा एक फूट जाडीचा थर एका चौरस मीटरला सुमारे ४५० ते ५०० किलो भरतो, पावसात भिजल्यावर त्याहून जास्त भरतो, आणि दर वर्षी नवी माती टाकण्याच्या रिवाजामुळे कित्येक घरांत तो दोन फुटांवर गेलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गाडली गेली, त्यामागे हे वजनदार धाबे आणि त्याखालच्या सुट्या दगडांच्या जाड भिंती ही दोन मोठी कारणे होती. म्हणून जास्तीची माती उतरवावी. मात्र ती एकाच बाजूने उपसू नये, कारण वजन एकीकडेच कमी झाले की ढाचा दुसरीकडे झुकतो. संपूर्ण धाब्यावरून एकेक थर सारखा काढत जावा आणि खाली तुळयांना आधीच टेकू दिलेले असावेत. उतरवलेली माती टाकून देऊ नये, ती पुढे भिंतींच्या गिलाव्यासाठी कामी येते.

पाण्याला बाहेरची वाट

छप्पर बंद झाल्यावर घराभोवती चक्कर मारून रस्त्याची आणि अंगणाची पातळी पाहावी. गावातला रस्ता दर काही वर्षांनी डांबराच्या किंवा काँक्रीटच्या नव्या थराने उंच होत जातो. आमच्या ओट्याला पूर्वी चार पायऱ्या होत्या, आता दोनच दिसतात आणि उरलेल्या दोन रस्त्याखाली आहेत. म्हणजे जोत्याचा जो दगड उघडा राहून सुकत असे, तो आता कायम ओल्या मातीत उभा आहे. रस्ता खाली नेणे आपल्या हातात नसते, परंतु भिंतीला लागून दीड फूट रुंदीचा चर खणून, तळाशी सच्छिद्र पाइप टाकून आणि वर खडी भरून, ते पाणी उताराने दूर नेता येते. चर पायाच्या तळापेक्षा खोल जाता कामा नये आणि तो एका वेळी दोन-तीन मीटरच्या तुकड्यांतच खणावा.

घराभोवती भिंतीला चिकटून केलेला सिमेंटचा कोबा फोडून टाकावा. त्याच्याखाली अडलेली ओल वर येण्यासाठी भिंतीचाच आधार घेते. त्याऐवजी शहाबादी फरशी मोकळ्या सांध्यांनी आणि बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवावी. एवढे दोन उपाय केल्यावर भिंतींना एक संपूर्ण उन्हाळा सुकू द्यावा. त्याआधी आतला गिलावा करू नये.

ढाचा: लाकूड आणि भिंती

कुजलेला खांब पाहिला की संपूर्ण खांब काढून त्याजागी लोखंडी गर्डर किंवा काँक्रीटचा स्तंभ उभा करण्याचा मोह होतो, परंतु बहुतेक वेळा कुजलेला भाग फक्त बुडाचा एखादा फूट असतो. वरची तुळई टेकूवर घेऊन, तेवढाच भाग कापून, त्याजागी जुन्या सागवानाचा तुकडा खाचा पाडून बसवता येतो आणि पितळी किंवा गंज न चढणाऱ्या पोलादाच्या बोल्टांनी तो जखडता येतो. साधे लोखंड वापरू नये. ते गंजून फुगते आणि लाकूड चिरते. नवा तुकडा बसवताना तळखडा पुन्हा उघडा करून फरशीपेक्षा किमान दोन इंच वर ठेवावा.

लाकडावरचे तेलरंगाचे थर काढताना काळजी घ्यावी. जुन्या रंगांत शिसे असण्याची दाट शक्यता असते, म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये, पृष्ठभाग ओला करून खरवडावा, तोंडाला चांगला मुखवटा लावावा आणि लहान मुलांना त्या काळात घरापासून दूर ठेवावे. वाळवीसाठी आणि भुंगेऱ्यांसाठी लाकडाला टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक आम्लाचे द्रावण दोन-तीन हातांनी पाजावे आणि ते पूर्ण सुकल्यावर जवसाचे तेल लावावे. येथे एक सूचना अगदी गांभीर्याने देतो: जवसाच्या तेलात बुडवलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती सुकताना आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून काम संपताच ती पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून सुकवावीत.

भिंतींच्या बाबतीत भूकंपाचा विचार सोडून चालत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या भागातल्या वृद्धांना अजून आठवतो. दगडी भिंत पुष्कळदा दोन पदरांची असते आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व माती भरलेली असते. दोन्ही पदरांना जोडणारे लांब आडवे दगड नसतील, तर धक्क्याने पदर सुटे होऊन कोसळतात. अशा भिंतीत साधारण मीटरभर अंतराने आरपार भोके पाडून, गज घालून आणि काँक्रीट भरून पदर एकमेकांना बांधता येतात. भिंतीच्या माथ्यावर सभोवार पट्टा बांधून आणि छपराचे लाकूड त्या पट्ट्याला जखडून घराची एक पेटी तयार करता येते. भारतीय मानक १३९३५ मध्ये अशा मजबुतीकरणाच्या पद्धती दिलेल्या आहेत आणि किती अंतरावर किती गज घालायचे, हे अभियंत्यानेच ठरवावे. या एका कामात मी सिमेंट काँक्रीटला विरोध करणार नाही, कारण येथे प्रश्न जिवाचा आहे.

चुना

गिलावा आणि दरजा (दगड-विटांमधल्या फटी) भरणे यांसाठी मात्र चुनाच वापरावा. कळीचा (भाजलेला, न विरवलेला) चुना पाण्यात विरवताना पाणी उकळू लागण्याइतकी उष्णता निर्माण होते, म्हणून पाण्यात चुना थोडाथोडा टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये, आणि डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे घातल्याशिवाय कोणालाही जवळ उभे राहू देऊ नये. विरलेला चुना पाण्याखाली किमान महिनाभर खड्ड्यात राहू द्यावा. जितका जास्त राहील, तितका तो लोण्यासारखा मऊ होतो आणि गिलाव्यात नंतर फुटणारे कण उरत नाहीत. पूर्वी बैलाने ओढायच्या दगडी चाकाच्या घाण्यात चुना दळत असत, आज विजेवर चालणारा छोटा घाणा मिळतो किंवा गवंडी पायांनी तुडवूनही काम भागवतात.

चुन्याच्या एका भागास अडीच ते तीन भाग धुतलेली वाळू हे प्रमाण बहुतेक भिंतींना पुरते. जोत्याजवळच्या ओलसर भागात वाळूतला एक भाग कमी करून त्याजागी विटांची सुरखी (भुकटी) घालावी, आणि ती कमी भाजलेल्या विटांची असावी, कारण जळक्या विटांची सुरखी चुन्याशी नीट मिळत नाही. गूळ, बेलफळ आणि हिरडा यांचे भिजवलेले पाणी मिसळण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे गिलावा कामाला सोपा होतो आणि चिकटतो, परंतु गूळ जास्त झाला तर मुंग्या लागतात, हे आमच्या देवघरात आम्ही अनुभवले. भिंत कच्च्या विटांची किंवा मातीची असेल, तर आधी धाब्यावरून उतरवलेली माती भुसा घालून आठवडाभर कुजवावी, तिचा थर द्यावा आणि तो सुकल्यावर वरून चुन्याचा पातळ हात द्यावा.

एका थराची जाडी अर्ध्या इंचाहून अधिक नसावी. थर दिल्यावर गोणपाटाच्या ओल्या पडद्यांनी सात-आठ दिवस भिंत ओलसर आणि सावलीत ठेवावी, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो आणि घाईने सुकवला तर त्याची पावडर होते. सिमेंटच्या निर्मितीतून जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के उत्सर्जन होते. चुना भाजतानाही वायू निघतोच, पण त्यातला मोठा भाग भिंतीवरचा चुना पुढे परत घेतो आणि उभी भिंत न पाडल्याने जो माल वाचतो, तो तर या हिशेबाच्या कितीतरी पुढे असतो. गोव्यात आणि सिंधुदुर्गात देवळांच्या भिंतींवर चुन्यात तांबडी माती मिसळून कोरलेले कावीकाम आजही टिकलेले दिसते, ते याच साहित्याच्या बळावर.

संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर

घर आजच्या काळाला राहते करण्यातला सर्वांत अवघड भाग हाच आहे. पूर्वी ओले काम परसात असे आणि मुख्य ढाचा कोरडा राही. आज वृद्धांना रात्री परसात जाण्यास सांगणे योग्य नाही, म्हणून संडास आणि न्हाणीघर घराला जोडून, पण ढाच्यापासून सुटे बांधावे. मागच्या पडवीच्या टोकाला स्वतःच्या पायावर उभी असलेली हलकी पोलादी चौकट, तिला सिमेंटबोर्डाच्या भिंती आणि जुन्या भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर, अशी रचना आम्ही केली. वरच्या मजल्यावरचे न्हाणीघरही त्याच चौकटीवर खालच्याच्या बरोबर वर घेतले, त्यामुळे कडीपाटावर ओले वजन कुठेही आले नाही. सगळे पाइप उघडे ठेवले, कारण भिंतीत गाडलेला पाइप गळू लागला की ते कळेपर्यंत तुळईचे टोक गेलेले असते.

पाण्याची टाकी माळ्यावर कधीही ठेवू नये. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि तेही भूकंपात हलणारे. टाकी त्याच सुट्या चौकटीवर ठेवावी.

वीज आणि पावसाचे पाणी

जुनी वायर पूर्ण काढून टाकावी. लाकडी घरात शॉर्ट सर्किट म्हणजे आग, म्हणून मंडळे स्वतंत्र करून प्रत्येकाला एमसीबी (जादा प्रवाह आला की वीज तोडणारी कळ) आणि संपूर्ण घराला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारी कळ) बसवावे, तसेच अर्थिंगची नव्याने तपासणी करून घ्यावी. भिंती खोदून वायर गाडू नये, ती पृष्ठभागावरून नळीतून न्यावी. सौर पट्ट्या जुन्या वाशांवर न बसवता परसातल्या नव्या हलक्या शेडवर बसवाव्यात. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान ठेवले आहे.

पावसाच्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरचे छप्पर आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ७०,००० लिटर पाणी येते आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ५६,००० लिटर उरते. वाड्यात आड असेल, तर तो आधी उपसून साफ करावा आणि पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी वगळून पुढचे पाणी गाळून त्यात सोडावे.

चौक झाकू नये

उजेड आणि हवा यांसाठी वाड्याला फारसे काही नवे लागत नाही. जाड भिंती दिवसाची उष्णता उशिरा आत येऊ देतात आणि चौकातून गरम हवा वर निघून जाते, तेव्हा तिच्या जागी ओसरीतून थंड हवा ओढली जाते. धूळ आणि पाऊस नको म्हणून चौकावर साधा किंवा पारदर्शक पन्हाळी पत्रा टाकला की ही ओढ थांबते आणि आतल्या खोल्या उन्हाळ्यात तापू लागतात. झाकणे अगदीच आवश्यक असेल, तर नवे छप्पर जुन्या छपराच्या वर किमान दीड-दोन फूट उचलून बाजू पूर्ण मोकळ्या ठेवाव्यात. कडीपाटाखाली फॉल्स सीलिंग करू नये. त्याच्या आड वाळवी आणि गळती वर्षानुवर्षे लपून राहतात. माजघर अंधारे असेल, तर छपरात दोन-चार काचेची कौले बसवणे पुरेसे होते.

पैसा आणि पुढची देखभाल

अंदाजपत्रकाचा चौथा हिस्सा बाजूला ठेवल्याशिवाय काम सुरू करू नये, कारण गिलावा उतरवल्यावर आत काय निघेल हे कोणालाही आधी सांगता येत नाही. पैसे कमी पडत असतील, तर छप्पर, निचरा आणि ढाचा एवढे या वर्षी करून गिलावा आणि फरशी पुढच्या वर्षावर ढकलावी. याच्या उलट, आधी फरशी आणि मॉड्युलर स्वयंपाकघर करून छप्पर पुढे ढकलणाऱ्यांना मी नेहमी हात जोडून थांबवतो.

राहायला गेल्यावर दर वर्षी मे महिन्यात शाकारणी करावी (छपराची कौले चाळून नीट बसवावीत), पन्हळी साफ कराव्यात, चरातली खडी मोकळी आहे का पाहावे आणि तळखड्यांजवळ टोचा लावून लाकूड तपासावे. दिवाळीआधी भिंतींना चुन्याची निवळी द्यावी. नकाशा, छायाचित्रे, पाइपांच्या वाटा आणि चुन्याचे वापरलेले प्रमाण लिहिलेली वही घरातल्या फडताळातच ठेवावी, आणि उतरवलेल्या चांगल्या कौलांपैकी शंभरेक परसात उभी रचून ठेवावीत, कारण त्याच साच्याची कौले पुढच्या वेळी मिळतीलच असे नाही.